रणगाड्याचा तिसरा रंग

माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये नाशिकची एक बाई आहे आणि तिच्यावर मी दीड वर्ष जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं ते वाचताना मी कुणाला साधीभोळी वाटायला नको.

अशा वेळी बायकांना ज्या शंका येतात, त्यातली एकही मला आली नव्हती. ती आमच्याच वयाची, पन्नाशीतली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. घरी नवरा, सासू आणि दोन मांजरं. माझा नवरा पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. दोघांना वेड एकच, प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडायचे आणि अगदी खऱ्यासारखे रंगवायचे. तसं वेड असणाऱ्या शंभरेक लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात यांची ओळख झाली. ती याला 'सर' म्हणते, हा तिला 'मॅडम' म्हणतो, आणि बोलणं सगळं रंगाचं. मला हेवा वाटायचा तो तिच्या नजरेचा. "मॅडमच्या नजरेला तोड नाही," असं हा जेवताना म्हणायचा आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

कारण नजर माझ्याकडं होती.

माझं माहेर सोलापुरातच, पूर्व भागात. आम्ही तेलुगू बोलणारी माणसं. शेजारीपाजारी माग चालायचे आणि आमच्याकडं डायिंग, म्हणजे सूत रंगवायचा छोटा कारखाना होता. टॉवेलचं आणि चादरीचं सूत आमच्या टाक्यांतून निघायचं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. व्यापाऱ्यानं कापडाचा एवढासा तुकडा नमुना म्हणून दिला की नाना त्याच्याशी रंग जुळवायचे, वजनकाट्यापेक्षा जास्त डोळ्यानं. टाकीतून सुताची एक लडी काढायची, पिळायची, दारात जाऊन सकाळच्या उजेडात नमुन्याशेजारी धरायची. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्या माणसाला ते रंगारी समजतच नसत. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तेव्हापासून ते मला हाक मारायचे, तेलुगूत लेकीला लाडानं अम्माच म्हणतात. "अम्मा, बघ गं, जमलाय का?" मी बघायची आणि सांगायची, निळा कमी आहे, किंवा पिवळा पुढं गेलाय. नाना मान हलवून परत टाकीकडं जायचे. माझं ऐकून ते चिमूटभर रंग वाढवतात, याचा मला केवढा रुबाब होता.

आमच्याकडं एक नियम लहान मुलालाही ठाऊक असायचा. ओलं सूत गडद दिसतं, वाळलं की उतरतं. म्हणून ओलं असताना नमुन्यापेक्षा एक पायरी गडद ठेवायचं. नाना लडी वाळवून बघत बसायचे नाहीत, ओली लडी बघूनच वाळलेला रंग सांगायचे, आणि पुढं पुढं मीही सांगायला लागले.

माझं लग्न झालं, आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. लग्नानंतर दहाएक वर्षांनी डायिंग बंद पडली. ऑर्डरी आटल्या, भावानं पुण्यात नोकरी धरली, नानांनी टाक्या भंगारात दिल्या. नाना आता नाहीत.

आणि नवऱ्याचं हे वेड लॉकडाउनमध्ये सुरू झालं. आधी एक जीप, मग एक ट्रक, मग रणगाडे. गॅलरीला लागून असलेली खोली त्यानं बळकावली. तिथं कॉम्प्रेसर आला, पेनासारखा दिसणारा रंगाचा फवारा आला, त्याला तो एअरब्रश म्हणतो. माझी सासू मोडनिंबहून आली होती, तिनं खोलीच्या दारात उभं राहून सगळं नीट बघितलं. "लई उशिरा बाळपण आलंय की तुज्या नवऱ्याला," ती मला म्हणाली. "शेतात ट्रॅक्टर हाय खरा, तो कदी पुसला न्हाय ह्यानं."

गेल्या वर्षी त्यानं दुसऱ्या महायुद्धातला एक ब्रिटिश रणगाडा घेतला, आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेला. वीतभर लांबीचा. या रणगाड्यांवर तीन रंगांचे तिरपे, पट्टीनं आखल्यासारखे पट्टे असायचे, लांबून बघणाऱ्याचा डोळा फसावा म्हणून. पहिला रंग वाळूचा, दुसरा पाटीसारखा काळसर. या दोन रंगांवर कुणाचं भांडण नव्हतं. सगळी मारामारी तिसऱ्यावर. त्याचं नाव कागदोपत्री 'सिल्व्हर ग्रे', पण फोटो सगळे काळे-पांढरे, आणि खऱ्या गाड्यांवरचा रंग केव्हाच उडून गेलेला. वर्षानुवर्षं जगभरची माणसं तो पट्टा आकाशी निळा रंगवत आली. मग म्हणे कुणीतरी जुन्या गाडीवरचे थर खरवडून बघितले आणि आतून निघाला हिरवट करडा. ग्रुपवर त्यावरून लोक एकमेकांच्या अंगावर जायचे. रोज सकाळी दात घासताना नवरा मला त्या निळ्या-हिरव्याची बातमी द्यायचा.

मला तो रंग पहिल्याच दिवशी कळला होता. रुईचं पान. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर वाटेल तेवढी रुई आहे. जाडसर पान, वर पांढरट लव, खाली फिका हिरवा. तो हिरवा आणि ती लव मिळून जे होतं, तेवढंच. पण मला कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं नाशिकला विचारलं.

मला फार काही नको होतं. त्यानं एकदा, फक्त एकदा, रंगाची बाटली माझ्यापुढं धरून म्हणायचं होतं, "बघ गं, जमलाय का?" बावीस वर्षांच्या संसारात त्यानं मला चहात साखर किती हेसुद्धा विचारलंय, पण रंगाचं कधी नाही. मी आपणहून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं माझी बहीण म्हणते. बिघडलं काहीच नसतं. पण आपली नजर मागून मागून द्यायची असते का? मी हट्टी आहे, आणि तेव्हा तर जळफळाटानं पार आंधळी झाले होते.

पुण्याला असल्या मॉडेलांचं प्रदर्शन होतं. आठ महिने खपून रणगाडा तयार होता, वाळू आणि पाटी हे दोन रंग लागले होते, तिसरा बाकी. तयार रंगाच्या परदेशी बाटल्या मिळेनात, म्हणून मॅडमनी स्वतः रंग कालवून कुरिअरनं पाठवला. प्रदर्शनाला तेव्हा आठवडाच राहिला होता. होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची बाटली, तोंडाला चिकटपट्टी, आणि सोबत एक पांढरं कार्ड. कार्डावर त्याच रंगाचा वाळलेला पट्टा, म्हणजे रंग बसल्यावर कसा दिसेल त्याचा नमुना. शुक्रवारी पार्सल आलं. यानं ते माझ्यासमोर उघडलं, कार्ड खिडकीशी नेलं आणि म्हणाला, "बाई जादूगार आहे." मग दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवून आंघोळीला गेला.

शनिवारी त्याला कॉलेज होतं. संध्याकाळी येऊन रंग मारणार होता. सकाळी दहाच्या सुमाराला मी ती बाटली आणि कार्ड घेऊन गॅलरीत गेले. आमची गॅलरी उत्तरेला आहे, रंग बघायला तिच्यासारखी जागा नाही. कार्डावरचा पट्टा बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो बरोबर होता. रुईचं पान. मी दीड वर्ष पोटात ठेवलेला रंग तिनं नाशिकला बसून कार्डावर उतरवला होता.

मग मी बाटली उघडली, काडीनं ढवळली आणि काडी कार्डाशेजारी धरली. बाटलीतला रंग कार्डापेक्षा फिका होता. चांगला एक पायरी फिका.

मला जो आनंद झाला तो लिहायला लाज वाटते. ओला रंग नमुन्यापेक्षा फिका? मग वाळल्यावर तर तो पार धुवट होणार. एवढी रसायनशास्त्राची प्राध्यापक, आणि आमच्या गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट हिला ठाऊक नाही. मी तशीच आत गेले. टेबलावर नवऱ्याच्या रंगांच्या बाटल्या होत्या. हिरव्याचे चार थेंब घातले, काळ्याचा एक. ढवळलं. गॅलरीत नेऊन बघितलं. अजून हिरव्याचे दोन. आता ओला रंग कार्डापेक्षा बरोबर एक पायरी गडद झाला, नानांनी ठेवला असता तसा. वाळवून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्यात वाळवून बघतो तो शिकाऊ.

दुपारभर मी मनातल्या मनात संवाद रचत होते. हा म्हणणार, मॅडमचा रंग काय बसलाय. मग मी भाजी निवडता निवडता सहज म्हणणार, मॅडमचा नाही, माझा. तेवढ्यासाठी मी त्या दिवशी मेथीची जुडी मुद्दाम निवडायची ठेवली होती.

संध्याकाळी त्यानं रणगाड्यावर चिकटपट्ट्या लावून बाकीचे पट्टे झाकले आणि ट्यूबलाइटखाली रंग मारला. कॉम्प्रेसर अर्धा तास घुरघुरत होता. बाहेर येऊन तो म्हणाला, जरा गडद वाटतोय, पण उद्या उजेडात बघू. मी म्हणाले, वाळू दे की. मेथी मी तशीच फ्रीजमध्ये ठेवली.

रविवारी सकाळी त्यानं पट्ट्या सोलल्या आणि मला हाक न मारता रणगाडा उजेडात नेला. मी चहा घेऊन गेले तर रणगाडा गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेला, आणि त्यावर शेवाळासारखे गर्द हिरवे पट्टे. शेजारी ते कार्ड. दोन्हींत कुणालाही कळेल एवढा फरक. वाळून रंग उतरायच्या ऐवजी चढला होता.

हे का झालं ते मला नंतर कळलं. प्लास्टिकवर लावायच्या या रंगात दुधासारखं पांढरट काहीतरी असतं. रंग ओला असतो तोवर ते त्याला फिका दाखवतं, वाळलं की ते काचेसारखं होतं आणि खालचा रंग गडद दिसू लागतो. म्हणजे सुताच्या बरोबर उलटं. तिनं बाटलीत रंग फिका ठेवला होता तो चुकून नाही, हिशेबानं. आयुष्यभर सुतावर पोसलेल्या माझ्यासारखीलाच हा शहाणपणा सुचू शकतो. दुसऱ्या कुणी बाटलीला हातही लावला नसता.

नवऱ्यानं मला काही विचारलं नाही. त्याला विचारावंसं वाटायला मी त्याच्या हिशेबात तरी कुठं होते. त्यानं रणगाड्याचा आणि कार्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'मॅडम, बाटली आणि कार्ड जुळत नाही, आठ महिन्यांचं काम गेलं,' असं काहीतरी लिहिलं. तो कधी कुणाला टाकून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. पाच मिनिटांत तिचं उत्तर. माझ्याकडून कालवताना चूक झाली असणार, सर, मनापासून माफी मागते.

मला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाटलं नाही. उलट त्या दुपारी मी एक भाकरी जास्त खाल्ली. दीड वर्षात पहिल्यांदा तिचं नाव आमच्या घरात कौतुकाशिवाय निघालं होतं, आणि त्यात मला मीठ-मसाला काही घालावा लागला नव्हता. रणगाडा बिघडला याचं दुःख होतं, पण ते या सुखाच्या खाली कुठंतरी होतं.

मग चारच्या सुमाराला यानं फोन माझ्या पुढ्यात टाकला. "बघ, कसल्या थराला जातात लोक," म्हणाला. ग्रुपवरच्या कुणा गृहस्थानं लिहिलं होतं, बायकांनी रांगोळीचे रंग बघावेत, रणगाडे आमच्याकडं सोडावेत. खाली हसरे चेहरे, अंगठे. सात-आठ जणांना आधीपासूनच तिच्या रंगाबद्दल शंका होती म्हणे. आणि त्या सगळ्यांच्या खाली तिचं परत एकदा, 'चूक माझीच आहे.'

तो माणूस तिला बोलत होता, पण मला झोंबलं. नाना मला दारात बोलावून विचारायचे तेव्हा गल्लीतले दोन म्हातारे असेच हसायचे, पोरीला काय कळतंय म्हणून. नानांनी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नव्हतं. आणि आता मी त्या म्हाताऱ्यांच्या बाजूला बसून भाकरी खात होते.

"बाटलीत मी रंग घातला," मी म्हणाले.

त्याला कळलंच नाही. मी परत सांगितलं, थेंबांच्या हिशेबासकट. हिरव्याचे सहा, काळ्याचा एक. मला वाटलं होतं तो चिडेल, आणि चिडावं असंच मला वाटत होतं. तो म्हणाला, "का पण?" मी म्हणाले, "मला फिका वाटला." हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं, आणि बाकीचं माझ्या तोंडून बाहेर पडेना.

त्यानं फोन उचलला आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. "हे तूच सांग," म्हणाला. ही शिक्षा मला मान्य होती. स्क्रीनवर ती आली, चष्मा डोक्यावर, मागं कपाटात ओळीनं रणगाडे. मी सगळं सांगितलं. सुताचा नियमसुद्धा सांगितला, कारण निदान मी मूर्ख नाही एवढं तरी तिला कळावं. तिनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाली, "ओल्यावरून वाळलेला सांगता तुम्ही? मला वीस वर्षं झाली, अजून कार्डावर वाळवून बघितल्याशिवाय जमत नाही."

तिनं रागावायला हवं होतं. तिचा चांगुलपणा मला सोसेना.

"ताई, एक सांगू का," ती पुढं म्हणाली. "सर मला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, आमच्या घरात तुमच्यापेक्षा बरी नजर आहे. मी म्हटलं, मग त्यांनाच विचारा ना. तर म्हणाले, नको. तिच्या वडिलांच्या टाक्या भंगारात गेल्या, तेव्हापासून ती रंगाचं नाव काढत नाही. एकदा हॉलच्या भिंतीचा रंग विचारला तर आत जाऊन रडली. तिला दुखतं, म्हणून मी तुम्हाला विचारतो."

भिंतीचं मी पार विसरले होते. आता आठवलं, रंगवाल्यानं दिलेलं छटांचं पुस्तक यानं माझ्या मांडीवर ठेवलं होतं, आणि मी ते भिरकावलं होतं.

नवरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला एअरब्रशची सुई पुसत होता. पुसलेलीच परत पुसत होता. मला त्याच्याबद्दल माया वाटायला हवी होती. त्या क्षणी मात्र दीड वर्षात वाटला नव्हता एवढा हेवा मला वाटला. माझं रडणं नाशिकला ठाऊक होतं. माझं दुखणं त्यानं जपलं, सांभाळलं, आणि बोलून दाखवलं ते तिच्यापाशी. रंगाचं सोडा, ते तर तो ग्रुपवर शंभर जणांशी बोलायचा. पण हे एक तरी माझ्याशी बोलायचं होतं.

"ताई, माझं कुरिअर आता प्रदर्शनाच्या आत पोचणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच कालवाल का? आणि झाला की तुम्हीच सांगा, जमलाय का."

ज्या प्रश्नासाठी मी दीड वर्ष दात-ओठ खाल्ले, तो असा आला, नाशिकहून, तिच्या तोंडून. मी हो म्हणाले. फोन ठेवला.

दोन दिवस आम्ही तो रंग केला. मी कालवायचे, कार्डावर ओढायचे, केस वाळवायच्या मशीननं वाळवायचे आणि बघायचे. शिकाऊ म्हणा हवं तर. सातव्या कार्डाला रुईचं पान आलं, आणि यानं बिघडलेल्या हिरव्या पट्ट्यांवरच तो रंग परत मारला. त्या रणगाड्याला पुढं पुण्यात काही बक्षीसबिक्षीस मिळालं नाही. ग्रुपवर यानं लिहिलं, मॅडमची चूक नव्हती, आमच्या घरात रंग बदलला गेला. कुणी बदलला ते त्यानं लिहिलं नव्हतं, म्हणून खाली मी त्याच्याच फोनवरून लिहिलं.

पण ते नंतरचं. त्या सातव्या कार्डाच्या सकाळी तो गॅलरीत माझ्याशेजारी उभा होता. कार्ड माझ्या हातात होतं. तो कार्डाकडं बघत नव्हता.

"तिला सांगितलंस," मी म्हणाले. "मला का नाही विचारलंस?"

"तू रडशील वाटलं," तो म्हणाला.

"रडले असते की," मी म्हणाले. "आणि रडून झाल्यावर रंग सांगितला असता."